कुसुमताईंचा आजार वाढला

कुसुमताईंच्या घरात कधी काही संपलं नाही. साखर संपली की ताई म्हणायच्या, साखर वाढली. मीठ वाढायचं, तेल वाढायचं, गॅसचं सिलिंडर वाढायचं. आता नारळ सगळेच वाढवतात, बांगडी फुटली तर वाढली असंच सगळे म्हणतात, त्यात नवल नाही. पण ताईंच्या हातून चष्म्याची काच वाढली, चिनी मातीची बरणी वाढली, आणि एकदा तर ऐन दिवाळीत नळाचं पाणी वाढलं. त्यांच्या शंतनुचं लग्न नवीन होतं, तेव्हा त्यांनी बाहेरून सुनेला आवाज दिला, नीलम, मीठ वाढलंय गं, बघ जरा. नीलम बिचारी पुण्याची. तिला वाटलं, आमटीत वाढलं. तिनं आमटीत तांब्याभर पाणी ओतलं आणि वर बटाटे टाकले. ते पाणी आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं गिळलं. ताई म्हणाल्या, किती हलकी झालीय आमटी. वाईट हा शब्द त्यांनी स्वयंपाकालासुद्धा कधी लावला नाही.

मी त्यांची धाकटी जाऊ, दुर्गा. ग्वाल्हेरला थाटीपुरात आमचं दुमजली घर आहे. खाली ताई, वर मी, आमचे हे आणि आमचा उत्कर्ष. ताईंचं माहेर पूजाअर्चा करणाऱ्यांचं, पणजोबा सरकारी देवळात होते. अशुभ बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे त्यांना दुधाबरोबर पाजलेलं. माझं माहेर मुरारचं, छावणीला लागून. परेडच्या वर आवाज चढवून बोलायची आम्हाला सवय. मी तोंडाला येईल ते बोलते. वास्तूनं माझ्या प्रत्येक बोलण्याला तथास्तु म्हटलं असतं तर आमचे हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी विहिरीत गेले असते. अजून आहेत, पेपर वाचतायत.

ताईंचा सगळ्यात कडक नियम निरोपाचा. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हा नियम तुमच्याकडेही असेल, पण तुमच्याकडे ताई नव्हत्या. कुणी चुकून 'जातो' म्हणालं की त्याला फाटकातून परत बोलवायच्या, खुर्चीवर बसवायच्या, घोटभर पाणी पाजायच्या आणि म्हणायच्या, आता म्हण. 'येतो' म्हटल्यावर सुटका. माझा उत्कर्ष बारावीच्या पेपराला अशीच घाई करत 'जातो' म्हणाला, तर त्यालाही बसवलं. एकदा नळवाल्यालाही सोडलं नाही. तो "जाता हूँ अम्मा" म्हणाला, त्याला परत बसवून पाणी पाजलं आणि "आता हूँ" म्हणायला लावलं. तो भला माणूस दुसऱ्या दिवशी खरंच आला, आणि काय काम आहे म्हणून विचारायला लागला.

आमचे मोठे भाऊजी वारले, त्यालाही ताई वारले म्हणायच्या नाहीत. हे पुढे गेले, असं म्हणायच्या. एकदा आम्ही बायका बसनं ओरछ्याला दर्शनाला निघालो होतो. कंडक्टरनं सहज विचारलं, अम्मा, बाबूजी नहीं आए? ताई म्हणाल्या, वो तो आगे निकल गए. मी तेव्हा खिडकीला डोकं लावून झोपले होते. दतियाला बस थांबली ती थांबलीच. जाग आली तर कंडक्टर स्टँडभर फिरून हाका मारतोय, ग्वालियरवाले बाबूजी, ओ ग्वालियरवाले बाबूजी. सबंध बस बाबूजींच्या नावानं खडे फोडत होती. मी खाली उतरून त्याला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं, भैया, ऊपर गए हैं. त्यानं बसच्या टपाकडे पाहिलं.

तर अशा आमच्या ताई. त्यांना दोन वर्षांपूर्वी छातीत गाठ आली. कॅन्सर हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कुणाची टाप नव्हती. त्या गाठीला त्या पाहुणी म्हणायच्या. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले, आणि ताईंनी जाहीर केलं की पाहुणी गेली. आम्हीही हो म्हटलं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र त्यांची पाठ दुखायला लागली. जेवण कमी झालं, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. तपासण्या झाल्या. पाहुणी गेली नव्हती. ती आतल्या खोल्यांत शिरली होती, यकृतात आणि हाडांत.

उत्कर्ष त्याच दवाखान्यात ज्युनिअर डॉक्टर आहे, म्हणून हे आम्हाला आधी कळलं. ताईंना सोडून सगळ्यांना कळलं. शंतनु पुण्याहून फोनवर म्हणाला, काकू, आईला एक अक्षर सांगायचं नाही, मी तिला मुंबईला नेतो, तिथं एक नवीन औषध आहे. तिला सांगू, नुसती तपासणी आहे. त्यानं तिकिटंही काढली, नेमकी महालक्ष्म्यांच्या आधल्या आठवड्यातली. आणि ताईंचं तर वर्ष महालक्ष्म्यांपासून सुरू होऊन महालक्ष्म्यांपाशी यायचं. त्या तीन दिवसांसाठी त्या बाकीचे दिवस काढायच्या म्हटलं तरी चालेल. पण मी शंतनुला हो म्हटलं. ज्या बाईला साखर संपली म्हणवत नाही, तिला हे कसं सांगायचं? तिनं तर ऐकतानाच डोळे मिटले असते.

आडवी आली ती गरिमा मॅडम. ताईंची डॉक्टर, उत्कर्षची वरिष्ठ. ठेंगणी, शांत बाई, आणि अशी शांत माणसंच जास्त हट्टी असतात. तिनं मला समोर बसवून सांगितलं की मुंबईचं औषध फार तर थोडे दिवस देईल, आणि त्यातले पुष्कळसे दिवस उलट्या आणि दवाखान्यातच जातील. ते घ्यायचं की घरी राहायचं, हे ठरवायचा हक्क अम्मांचा आहे. तिकिटाच्या तारखेआधी त्यांना खरं सांगा. तुमच्यानं झालं नाही तर मी सांगेन. मी म्हटलं, अम्मा ऐकणार नाहीत. ती म्हणाली, ऐकतील, सांगायची पद्धत असते, आम्ही तीच शिकवतो.

शिकवत होती खरी. तेव्हाच तिनं दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना वर्ग लावला होता, फार आजारी माणसाशी कसं बोलावं याचा. मला आधी हसूच आलं. डॉक्टर होईपर्यंत एवढं शिकून पुन्हा बोलायला शिकायचं? पण उत्कर्षचं बोलणं मला ठाऊक होतं. पेशंटला वाईट बातमी द्यायची असली की तो रिपोर्टाकडे बघत भराभरा इंग्रजीत बोलायचा, आणि पेशंटनं तोंड उघडायच्या आत त्याला कुठून तरी फोन यायचा. तो फोन खोटा असतो, हे त्यानंच मला सांगितलंय.

वर्गात पेशंटचं सोंग घ्यायला बाहेरची माणसं बोलावत. त्यांत आमच्या मंडळाच्या नाटकांत आयुष्यभर मरायचं काम करणारे रमाकांत होते. गणेशोत्सवात स्टेजवर मरायला ते इतका वेळ घ्यायचे की प्रसाद आधी वाटून व्हायचा. उत्कर्षनं त्यांना हळूच विचारलं, बाबूजी, रिपोर्ट के बारे में आप कितना जानना चाहते हैं? रमाकांतांनी छातीवर हात ठेवला, खुर्चीसकट मागे गेले, जमिनीवर पडून भावाला क्षमा केली आणि सुनेला दागिने दिले. खरं तर त्यांना भाऊ नाही. गरिमा मॅडम म्हणाल्या, बाबूजी, अभी तो आपसे बस इतना पूछा है कि आप कितना जानना चाहते हैं. ते म्हणाले, बेटी, फिर से लेता हूँ.

घरी उत्कर्ष माझ्यावर सराव करायचा. पद्धत अशी, की आधी समोरच्याला विचारायचं, बोलू का? मग विचारायचं, तुम्हाला आत्तापर्यंत काय माहीत आहे? मग साध्या शब्दांत एकच वाक्य सांगायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं, म्हणे. आमच्या घरात आजवर कुणी गप्प बसलेलं नाही. तो पहिल्यांदा माझ्यासमोर गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसला, तर मला वाटलं याचं पोट दुखतंय, मी ओवा आणून दिला. एके दिवशी मी विचारलं, दुधीची भाजी खाशील का? तर म्हणतो, आई, दुधीबद्दल मला काय वाटतं हे तुला कितपत ऐकायचंय? मी म्हटलं, बिल्कुल नाही, मुकाट्यानं खा. पण खोटं कशाला बोलू, हळूहळू त्याच्यात फरक पडत होता. त्याला येणारे फोन बंद झाले. परीक्षेच्या दिवशी रमाकांत या वेळी खुर्चीतच राहिले आणि खरंच रडले, आणि गरिमा मॅडमनी त्याला शाबासकी दिली. त्याचं वाक्य होतं, बाबूजी, बीमारी बढ़ गई है. एकच वाक्य, साधे शब्द.

मग तो म्हणाला, मोठ्या आईला मीच सांगणार. मी पुष्कळ आरडाओरडा केला. मी म्हटलं, तू रमाकांतांवर शिकलास, ते पडून उठतात. ताई पडल्या तर? तो गप्प बसला. आता या मुलाच्या गप्प बसण्यापुढे माझं काही चालेना.

रविवारी सकाळी आम्ही खाली गेलो. ताई महालक्ष्म्यांच्या साड्या उन्हात घालत होत्या. उत्कर्ष त्यांच्याजवळ बसला, म्हणाला, मोठी आई, तुझ्या तब्येतीबद्दल बोलू का? त्या म्हणाल्या, बोल की. त्यानं विचारलं, तुला काय वाटतं, काय चाललंय? त्या म्हणाल्या, अशक्तपणा आहे, उन्हाळा बाधला. तो थोडा पुढे सरकला, त्यांचा हात हातात घेतला, आणि इतके दिवस हिंदीत घोटलेलं वाक्य त्यानं मराठीत सांगितलं.

"मोठी आई, तुझा आजार वाढलाय."

आणि शिकवल्याप्रमाणे गप्प बसला.

ताईंनी हातातली साडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. त्या उठल्या, आत गेल्या, साखरेचा डबा आणला आणि उत्कर्षच्या उघड्या तोंडात चिमूटभर साखर घातली. मग माझ्या तोंडात घातली. म्हणाल्या, मला वाटतच होतं रे, काल रात्री पाठ जरा कमी दुखली. देवाला पेढे ठेवते.

उत्कर्ष साखर चघळत माझ्याकडे बघत होता. मला तर कळायला क्षणसुद्धा लागला नाही. साखर वाढली, मीठ वाढलं, तेल वाढलं, आणि आता आजार वाढला. संपला. माझ्या मनात आलं, देवानंच वाचवलं. मुलगा खरं बोलला, ताईंनी शुभ ऐकलं, दोघांचंही राहिलं. मी गप्प बसले. जिन्यात उत्कर्ष म्हणाला, आई, याला नकार म्हणतात, पुस्तकात आहे, माणसाला पचायला वेळ लागतो. मी म्हटलं, असेल बाबा, तू शिकलेला.

त्या दिवशी ताईंनी बेसनाचे लाडू केले. बसून, टेकून, धापा टाकत केले. मग शंतनुला फोन लावला. अरे, उत्कर्षनं सांगितलं, माझा आजार वाढला. शंतनुला पुण्यात राहून बरीच वर्षं झाली, त्याच्याकडे साखर संपते. तो फोनवर रडायला लागला. ताई म्हणाल्या, अरे वेड्या, रडतोस काय, मी लाडू केलेत. त्यानं लगेच मला फोन केला. काकू, आईचं धैर्य पाहिलंस का, एवढं ऐकून ती लाडू करतेय, आणि आपण तिला एवढीशी समजत होतो. मी म्हटलं, हो रे, धैर्यच म्हणायचं.

संध्याकाळी डबा घेऊन ताई कोपऱ्यावरच्या दौलतसिंहाच्या किराणा दुकानात गेल्या, मी मागोमाग. ताई हसत म्हणाल्या, लो भैया, मुँह मीठा करो, हमारी बीमारी बढ़ गई. दौलतसिंहाचा हात लाडवावर तसाच थांबला. हा माणूस रोज शटर ओढताना म्हणतो, अम्मा, दुकान बढ़ा रहा हूँ. पण ऐन वेळी त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ. त्यानं दोन्ही हात जोडले, लाडू कपाळाला लावला आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं की ऐसी देवी हमने नहीं देखी. दुसऱ्या दिवसापासून बायका ताईंच्या पाया पडायला यायला लागल्या. ताईंना वाटलं, बरी झाले म्हणून येतात.

हे असं चाललं असतं, तर मी तुम्हाला सांगते, मी चालू दिलं असतं. पण मुंबईची तारीख जवळ आली. शंतनुनं फोनवर सांगितलं की आई, बॅग भर, तपासणीला जायचंय. ताई म्हणाल्या, आजार वाढला, मग तपासणी कशाची? शंतनु म्हणाला, आजार वाढला म्हणूनच तर. ताई म्हणाल्या, वाढला म्हणून? हे कुठलं रे शास्त्र तुमचं? घरात महालक्ष्म्या यायच्या आणि मी धडधाकट बाई मुंबईला जाऊन बसू? दोघांचं चांगलंच जुंपलं. शंतनुला वाटलं, आईनं जगायची आशा सोडली. ताईंना वाटलं, मुलाला देवाधर्माचं काही उरलं नाही. शेवटी ताई फोन ठेवून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी भाऊजींच्या वेळेनंतर पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, दुर्गे, यंदा मला बरं वाटतंय तर माझ्या महालक्ष्म्या का मोडतात गं हे?

मोडतात म्हणाल्या. ताई, आणि मोडतात म्हणाल्या. मला ते सहन झालं नाही.

मी वर गेले आणि उत्कर्षला सगळं सांगितलं. तुझ्या वाक्याचा अर्थ काय झाला, लाडू कशाचे होते, सगळं. तो मटकन पलंगावर बसला. आधी हसला, खूप हसला. मग म्हणाला, आई, तू मला जिन्यातच का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तूच म्हणालास, पचायला वेळ लागतो. मग मला रडू आलं आणि मी त्याला म्हटलं, नको रे पुन्हा सांगू, ती हसतेय. तो म्हणाला, ती हसतेय आणि आपण तिला गाडीत घालणार आहोत. तिला वाटतंय तिचे दिवस पुष्कळ आहेत, आत्ता ती यंदाच्या महालक्ष्म्यांसाठी भांडतेय खरी. पण पुढच्या वर्षी करू असं शंतनुदादा म्हणाला, की ती ऐकेल. मग?

मग काय, ते मला कळत होतं. शंतनु तेच म्हणणार होता, आणि ताई हो म्हणाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा खाली बसला. मीही बसले, कारण त्यानं मला बजावलं होतं की बस, पण बोलायचं नाही. ताई वाती वळत होत्या. त्यानं विचारलं, मोठी आई, त्या रविवारचं माझं बोलणं अर्धं राहिलं, पुरं करू का? त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वात वळायची थांबवली. म्हणाल्या, कर.

"मोठी आई, मी चुकीचं बोललो. आजार नाही वाढला. औषधं वाढली."

घड्याळ वाजत होतं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. उत्कर्ष गप्प होता, मी गप्प होते, पलीकडे ह्यांचा पेपरसुद्धा वाजत नव्हता. मला दहा वेळा वाटलं, काहीतरी बोलावं, चहा ठेवते म्हणावं, पण मुलानं डोळ्यांनी मला बसवून ठेवलं. ताईंनी मांडीवरच्या वाती एकेक करून डबीत ठेवल्या. डबीचं झाकण लावलं.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

उत्कर्ष म्हणाला, पाहुणीला घालवायची सगळी. मुंबईत एक आहे, त्यानं थोडे दिवस मिळतील, पण ते दिवस तिकडेच जातील, आणि त्रासात. दुखणं कमी करायची मात्र आहेत. ती पुष्कळ आहेत.

ताईंनी मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, पुष्कळ म्हणजे खरंच पुष्कळ, की माझ्यासारखं पुष्कळ? त्यावर आधी उत्कर्ष हसला, मग मी, मग त्या स्वतः. हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. उत्कर्ष त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. एवढं शिकवलंस ते बरं झालं गं गरिमे, असं माझ्या मनात आलं. त्या बाईला मी तोवर बरंच काही बोलले होते.

मग ताईंनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना मी असेन का, असं त्यांनी सरळ विचारलं नाही. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी मुखवट्यांना रंग लावायचा होता, तो यंदाच लावून घेऊ का? उत्कर्ष म्हणाला, यंदाच लावून घे, मोठी आई. त्या म्हणाल्या, बरं. मग शंतनुला स्वतः फोन केला. मुंबईला नाही येणार रे, तू ये, नीलमला घेऊन ये, आणि आमटीत पाणी नको घालू म्हणावं. शंतनु भांडला, रडला, गरिमा मॅडमशी बोलला, आणि तिकिटं बदलून पुण्याहून ग्वाल्हेरला आला.

त्या महालक्ष्म्या मी विसरणार नाही. ताई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, आम्ही धावत होतो. नव्या रंगात मुखवटे इतके टवटवीत दिसत होते की आमचे हेसुद्धा पेपर खाली ठेवून बघत राहिले. दौलतसिंह सहकुटुंब प्रसादाला आला. आल्या आल्या त्यानं हात जोडले आणि विचारलं, अम्मा, बीमारी कैसी है? ताई म्हणाल्या, घट गई, भैया. वाढली म्हणजे संपली, तर घटली म्हणजे वाढली, हे तर अगदीच उलटं झालं होतं, त्यामुळे त्याला पुन्हा काही कळलं नाही. गरिमा मॅडमही आल्या. ताईंनी त्यांना जवळ बसवून पुरणपोळी वाढली, आणि निघताना त्या "चलती हूँ अम्मा" म्हणाल्या म्हणून परत बसवून पाणी पाजलं. विसर्जनाच्या दिवशी मुखवटे कापडात गुंडाळून ताईंनी माझ्या हातात दिले. मी म्हटलं, ठेवते तुमच्या कपाटात. त्या म्हणाल्या, वर ने गं, तुझ्या कपाटात ठेव. मी वर नेले.

त्यानंतर ताई हळूहळू बिछान्याला लागल्या. दुखणं कमी करायची औषधं खरंच पुष्कळ होती, उत्कर्षनं शब्द राखला. गरिमा मॅडमकडची नर्स घरी येऊन जायची. ताई बराच वेळ झोपायच्या, जाग आली की आज काय शिजलंय विचारायच्या, आणि सगळं छान झालंय म्हणायच्या.

कोजागिरीनंतरची एक दुपार. शंतनु औषधं आणायला गेला होता, उत्कर्ष दवाखान्यात. मी त्यांच्या उशाशी बसून मटार सोलत होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे स्वच्छ पाहिलं.

"दुर्गे, मी जाते गं."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, ताई, असं म्हणत नाहीत, येते म्हणा. त्यांनी मान हलवली, नाही. मला काय करावं कळेना. मग मी त्यांचाच नियम त्यांना लावला. मटारचं ताट बाजूला सारलं, पाठीमागे हात घालून त्यांना बसतं केलं, चमच्यानं घोटभर पाणी पाजलं. पाणी गिळायला त्यांना वेळ लागला. पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, आता म्हणा.

त्या हसल्या. माझ्या हातावर हात ठेवला.

"जाते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "या, ताई."